ऑर्तिसेईतला हॉटेल-मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या डोलोमाइट पर्वतातल्या ऑर्तिसेई या गावात आम्ही दोनदा राहिलो. एकदा आई-बाबांना घेऊन, एकदा मुलांसोबत. तेव्हापासून ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची मंडळी प्रश्न पाठवत असतात. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. इथली बरीचशी हॉटेलं एकेका कुटुंबाची आहेत आणि घरासारखीच चालतात. काय हवं ते आधी कळवलं तर ही माणसं मनापासून करतात. ऐनवेळी मागितलं तर त्यांचीही अडचण होते आणि आपलीही.

१. बुकिंग करताना एकाच गावाची तीन-तीन नावं दिसतात. खरं नाव कुठलं?

तिन्ही खरी आहेत. ऑर्तिसेई हे इटालियन नाव, सांक्ट उलरिख जर्मन आणि उर्तिजेई लादिन. हा दक्षिण तिरोलचा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यानंतर इटलीत आला. त्यामुळे इथे जर्मन आणि इटालियन दोन्ही चालतात, आणि या खोऱ्यातल्या बहुतेकांची घरची भाषा मात्र लादिन. स्टेशनं, बसथांबे, रस्ते, सगळ्यांच्या पाट्यांवर दोन किंवा तीन नावं असतात. बोल्झानो म्हणजेच बोझेन, पोंते गार्देना म्हणजेच वाइडब्रुक. प्रवासाच्या कागदावर दोन्ही नावं लिहून ठेवा.

वाल गार्देना हे गाव नाही, खोरं आहे. त्यात खालून वर ऑर्तिसेई (१,२३६ मीटर), सांता क्रिस्तिना आणि सेल्वा अशी तीन गावं आहेत. ‘वाल गार्देनातलं हॉटेल’ म्हणून स्वस्त मिळालं आणि ते निघालं सेल्वात, असं बऱ्याच जणांचं झालं आहे. सेल्वा गैरसोयीचं नाही, बस सतत असते. पण संध्याकाळी पायी बाजारात फिरायचं असेल तर ऑर्तिसेईच बघा.

२. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं का? की दिवाळीत?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात मोठी गफलतही इथेच होते. या गावाचे हंगाम दोन. एक बर्फाचा, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत. दुसरा उन्हाळ्याचा, जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मधल्या काळात बहुतेक हॉटेलं चक्क बंद असतात. मालक स्वतः सुट्टीवर जातात, केबल कारची देखभाल चालते, रेस्टॉरंटांच्या दारावर कागद चिकटवलेले दिसतात. आपली उन्हाळ्याची आणि दिवाळीची, दोन्ही सुट्ट्या नेमक्या या फटीत पडतात. मे महिन्यात तिकडे भाडी कमी दिसतात ती याच कारणाने.

शाळा बुडवायची नसेल तर जूनचा पहिला-दुसरा आठवडा हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. कुरणं फुलांनी भरलेली असतात आणि गर्दी कमी. मात्र ज्या केबल कारसाठी जाताय, ती त्या तारखेला सुरू आहे का हे आधी तपासून घ्या. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली तर या गावाचा नाद सोडा, बोल्झानो किंवा व्हेरोनासारखं बारमाही शहर निवडा.

ऑगस्टमधले मधले दोन आठवडे टाळा. १५ ऑगस्ट हा इटलीत फेर्रागोस्तोचा सण, अख्खा देश तेव्हा डोंगरात किंवा समुद्रावर असतो. डिसेंबरच्या मध्यावर सांता क्रिस्तिनाच्या सासलोंग उतारावर विश्वचषकाच्या स्की शर्यती होतात. त्या दिवसांतही खोल्या मिळणं कठीण आणि महाग.

३. हॉटेल, गार्नी, रेसिडेन्स, रिफुजो यांत फरक काय?

नावात ‘गार्नी’ असेल तर फक्त नाश्ता मिळतो, रात्रीचं जेवण नाही. ‘रेसिडेन्स’ किंवा अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर असतं. पोहे-खिचडी करून खायची असेल तर हाच पर्याय (प्रश्न ११ पाहा). ‘रिफुजो’ ही डोंगरावरची गिर्यारोहकांची मुक्कामाची जागा. तिचे नियम वेगळे, ते प्रश्न १५ मध्ये आहेत. ताऱ्यांच्या पुढे ‘एस’ लिहिलेला असेल तर त्या वर्गातलं वरच्या दर्जाचं हॉटेल समजायचं.

इटलीत १ जानेवारी २०२५पासून प्रत्येक हॉटेल आणि भाड्याच्या घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. त्याला ‘चिन’ म्हणतात. अनोळखी संकेतस्थळावर फारच स्वस्त घर दिसलं आणि जाहिरातीत हा क्रमांक नसेल, तर पैसे भरू नका.

४. व्हिसासाठी बुकिंग आधी करावं लागतं. व्हिसा नाकारला तर पैसे बुडतात का?

मोफत रद्द करता येईल असंच बुकिंग करा आणि रद्द करायची शेवटची तारीख व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची आहे ना, ते बघा. बुकिंगच्या कागदावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टमधल्यासारखं हवं. बऱ्याच संकेतस्थळांवर फक्त एकाचंच नाव छापून येतं. हॉटेलला ई-मेल केला तर ते सगळ्यांच्या नावाचं पत्र पाठवतात.

घरगुती हॉटेलं थेट बुकिंगवर ‘कापारा’ मागतात, म्हणजे बयाणा. आपण रद्द केलं तर बयाणा परत मिळत नाही, असाच त्याचा सर्वसाधारण अर्थ. तेव्हा ‘व्हिसा नाकारल्यास परत कराल का?’ हे लेखी विचारून मगच भरा. आम्ही विचारलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘हो’ असं उत्तर आलं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. वैद्यकीय विमा ३०,००० युरोंचा हवा. आणखी एक बारकावा आहे. ऑर्तिसेईला अनेक जण म्युनिकमार्गे जातात, पण अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तरच पहिल्यांदा उतरणार तो देश.

५. गाडी भाड्याने न घेता पोहोचता येतं का?

सहज. व्हेरोना किंवा म्युनिकहून बोल्झानोपर्यंत रेल्वे आणि तिथून ३५० क्रमांकाची बस, जेमतेम तासाभराचा घाट. आई-बाबांना घेऊन आम्ही असेच गेलो. सामान बसच्या पोटात टाकलं की काळजी नाही. म्युनिकहून येताना गाडी ब्रेनर खिंडीतून येते. सगळा प्रवास शेंगेनमधला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतला) असला तरी मध्ये पोलीस कागद बघतात, म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नका.

हॉटेलमध्ये ‘गेस्ट पास’ विचारा. तो मुक्कामाच्या दरात धरलेला असतो आणि त्यावर दक्षिण तिरोलमधल्या बस आणि प्रादेशिक रेल्वे फुकट असतात. केबल कारचं तिकीट सहसा त्यात नसतं. पास आधीच ई-मेलने मिळाला तर येण्याच्या दिवसाचं बसभाडंही वाचू शकतं. म्हणून आठवडाभर आधी विचारून ठेवा.

६. गाडी घेतलीच तर हॉटेलच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढा. हॉटेलला पार्किंग आहे का, आणि असल्यास रोजचे किती पडतात, हे विचारा. ऑर्तिसेईचा मधला भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. तिथलं हॉटेल असेल तर सामान उतरवायला गाडी कुठून आत न्यायची ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. वाटेत व्हेरोना-बोल्झानोसारख्या शहरांत जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही अशी, कॅमेऱ्याने नजर ठेवलेली क्षेत्रं असतात. हॉटेलने तुमच्या गाडीचा नंबर कळवला नसेल तर दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

१५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी टायर किंवा साखळ्या हव्यातच. भाड्याच्या गाडीत त्या आहेत का हे गाडी ताब्यात घेतानाच बघा.

७. रिसेप्शनवर सगळ्यांचे पासपोर्ट मागतात. द्यायचे का?

द्यायचे. इटलीच्या कायद्यानुसार प्रत्येक पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत पोलिसांना कळवावी लागते, तान्ह्या बाळाचीसुद्धा. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्या. खोली साधारण दुपारी दोन-तीनला मिळते आणि सकाळी दहापर्यंत सोडायची असते. सामान मात्र आधी आणि नंतरही ठेवून घेतात. ही छोटी हॉटेलं रात्रभर उघडी नसतात. दहानंतर पोहोचणार असाल तर तसं कळवा, किल्ली कुठे ठेवली ते ते लिहून पाठवतात. न कळवता मध्यरात्री पोहोचलात तर थंडीत बंद दारापुढे उभं राहावं लागेल.

८. खोलीचे पैसे आधीच भरले, तरी निघताना वेगळे का घेतले?

बहुतेक वेळा तो स्थानिक कर असतो. माणशी, दर रात्रीप्रमाणे तो हॉटेलवरच भरायचा असतो. हॉटेलचे तारे जास्त तर करही जास्त. दक्षिण तिरोलमध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना तो नाही, तेव्हा बिलात मुलं धरली नाहीत ना ते पाहा. दुसरा खर्च रात्रीच्या जेवणातल्या पेयांचा, तो पुढच्या उत्तरात आहे. टिप सक्तीची नाही. आठवडाभर राहिलात तर खोली आवरणाऱ्या बाईंसाठी थोडे पैसे ठेवणं चांगलं.

९. ‘हाफ बोर्ड’ घ्यावं का? शाकाहारी माणसाला परवडतं का?

माझं मत, घ्यावं, पण आधी पत्रव्यवहार करून. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं चार-पाच पदार्थांचं जेवण. वेळ ठरलेली असते, साधारण सात ते साडेआठ. नऊ वाजता जेवायला गेलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. पहिल्या संध्याकाळी तुम्हाला एक टेबल दाखवतात, त्यावर आडनावाची छोटी चिठ्ठी असते. तेच टेबल शेवटच्या रात्रीपर्यंत तुमचं. आमच्या बाबांची अर्धी उरलेली पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी खोली क्रमांक लिहून पुन्हा त्याच टेबलावर आली होती. आईला त्याचं इतकं कौतुक वाटलं की तिने त्या बाटलीचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. पाणी, वाइन, कॉफी यांचे पैसे मात्र वेगळे. नळाचं पाणी उत्तम असतं, खोलीत बेलाशक प्या. ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथलं तेवढं पिऊ नका.

आता शाकाहाराचं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यांना मांस-मासे नको एवढं कळतं, पण खाचा बाकी राहतात. बार्लीच्या सूपमध्ये स्पेक म्हणजे डुकराच्या धुरावलेल्या मांसाचे बारीक तुकडे असतात. कानेदेर्ली हे पावाचे गोळे पालकाचे किंवा चीजचे असले तरी बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात येतात. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुकवलेल्यात बहुधा नसतं. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतं. पन्ना कोत्ता या मलईच्या गोड पदार्थात जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनचं. पालक-रिकोत्ता भरलेले करंजीसारखे श्लुट्झक्राप्फेन मात्र बिनधास्त मागवा, अंडं चालत असेल तर. वरून वितळवलेलं लोणी आणि किसलेलं चीज, गरमागरम. आई दोन दिवस सलग तेच जेवली.

ई-मेलमध्ये काय चालतं आणि काय नाही, दोन्ही लिहा. तिथे बोलायला ही वाक्यं पाठ करा: ‘निएंते कार्ने, निएंते पेशे, निएंते स्पेक, निएंते ब्रोदो दी कार्ने’ (मांस, मासे, स्पेक, मांसाचा रस्सा नको). अंड्यासाठी ‘सेंत्सा उओवा’, लसूण-कांद्यासाठी ‘सेंत्सा आल्यो, सेंत्सा चिपोल्ला’. कडक जैन आहार असेल तर हाफ बोर्डचा हट्ट धरू नका, अपार्टमेंट घ्या. चतुर्थीच्या दिवशी उकडलेले बटाटे, दही आणि सफरचंदं मिळाली. या भागात सफरचंदांच्या बागाच बागा आहेत.

१०. खोलीत पंखा नाही, एसी नाही, पांघरूणही विचित्र. तक्रार करावी का?

तक्रारीचं कारण नाही, तिथली पद्धतच तशी आहे. गाव साधारण महाबळेश्वरपेक्षा थोडं कमी उंचीवर असलं तरी हवा कितीतरी थंड. जुलैतही रात्री खिडकी किंचित उघडी ठेवली की पुरतं. खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते, उभी वर केली की वरचा भाग आत कलतो. ती कलली म्हणजे मोडली नाही, रात्री तशीच ठेवायची असते. डबल बेड म्हणजे बहुधा दोन गाद्या शेजारी शेजारी आणि प्रत्येकाची वेगळी घडी घातलेली दुलई. मध्ये लहान मूल झोपणार असेल तर फटीबद्दल आधी सांगा. काही खोल्यांना चिर्मोलो या डोंगरी पाइनच्या लाकडाचं अस्तर असतं. दार उघडताच येणारा तो वास मला अजून आठवतो. लाकूडकोरीव काम हा या गावाचा शतकांपासूनचा धंदा आहे, जिन्याच्या कठड्यावरही हात फिरवून बघा.

न्हाणीघरात शॉवरजवळ एक दोरी लोंबते. ती मदतीसाठी आहे. बाबांनी ती दिव्याची समजून ओढली आणि दोन मिनिटांत रिसेप्शनवरची मुलगी धापा टाकत दारात! ती रागावली नाही, पण घरातल्या प्रत्येकाला आल्याआल्या ही दोरी दाखवून ठेवा. जेट स्प्रे नसतो. कमोडशेजारी बिदे (धुण्यासाठीचं बुटकं भांडं) असेल तर ते त्याच कामासाठी आहे. नसेल तर घरून एक छोटा मग न्या.

११. खोलीत कुकर किंवा किटली वापरली, अगरबत्ती लावली तर चालेल का?

कुकर आणि अगरबत्ती, दोन्ही नाही. धुराचा संवेदक छतावर असतो आणि अलार्म एका खोलीपुरता वाजत नाही. मेणबत्ती किंवा निरांजनही नको, सगळी इमारत लाकडाने मढवलेली असते. रोजची पूजा हात जोडून करा. किटली वापरू का हे विचारून घ्या. काही ठिकाणी ते स्वतः आणून देतात, काही ठिकाणी मनाई असते. चहासाठी बारमध्ये ‘आक्वा काल्दा’ मागा. चहापूड आणि साखर तुमची. खाकरे, चिवडा, थेपले खोलीत खायला कोणी अडवत नाही, पण जेवणाच्या दालनात बाहेरचं काढू नका. खिडकी उघडी ठेवून लोणचं काढायचं इतकं मात्र सांभाळा. रविवारी दुकानं बरीचशी बंद आणि रोज दुपारीही दोन-तीन तास बंद, म्हणून दूध-फळं शनिवारी घेऊन ठेवा.

१२. हॉटेलात सौना आहे. पोहण्याचे कपडे घालून जायचं का?

पोहण्याच्या तलावात कपडे हवेत. सौनात मात्र इथे बहुतेक ठिकाणी कपड्यांशिवाय जायची रीत आहे आणि स्त्री-पुरुष एकत्र असतात. स्वच्छतेसाठी कपडे मुद्दाम मना असतात आणि बसायला खाली टॉवेल अंथरायचा असतो. संकोच वाटत असेल तर रिसेप्शनवर विचारा. काही हॉटेलांत कपड्यांसहची वेळ किंवा बायकांची वेगळी वेळ असते, कुठे खासगी खोली ठरवून मिळते. लहान मुलांना सौनात घेत नाहीत. तिथला पांढरा झगा घालून जेवायला जाऊ नका. डोंगरातून आल्यावर चिखलाचे बूटही खाली बुटांच्या खोलीत काढून ठेवायचे.

१३. प्लग कुठला लागतो?

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. मोबाइलचा सडपातळ दोन पिनांचा चार्जर थेट बसतो. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्यासाठी अॅडाप्टर घरूनच न्या.

१४. आल्पे दी सिउसीच्या पठारावरच हॉटेल घेतलं तर?

सकाळी दारातच कुरण दिसतं, पण एक अट आहे. सुमारे ५६ चौरस किलोमीटरच्या या पठारावरचा रस्ता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंद असतो. तिथल्या हॉटेलच्या पाहुण्यांना परवाना मिळतो, मात्र तो हॉटेलकडून आधी घ्यावा लागतो आणि मुक्कामात दिवसा गाडी मनाला येईल तशी हलवता येत नाही. ऑर्तिसेईतून पठारावर केबिनची लिफ्ट जाते. आई-बाबा बरोबर असतील तर गावात राहून तिने वर जाणं मला जास्त सोयीचं वाटतं. शेवटची लिफ्ट चुकली तर खाली येणं लांब पडतं, म्हणून वेळ पाटीवर बघून फोटो काढून ठेवा.

ऑर्तिसेईवरच्या सेचेदा या डोंगराची केबल कार सुमारे २,५०० मीटरपर्यंत नेते, कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावं. दुपारनंतर विजा-पाऊस येतो, म्हणून सकाळीच चढा.

१५. एक रात्र रिफुजोत काढायची आहे. हॉटेलची खोली सोडावी का?

सोडा आणि मोठं सामान हॉटेलातच ठेवा, परत येणार असाल तर ते खुशीने सांभाळतात. रिफुजोत आपली झोपायची, पिशवीसारखी शिवलेली चादर न्यावी लागते, गरम पाण्याच्या आंघोळीला पैसे पडतात, झोपायला सामायिक खोली असू शकते. रोख युरो जवळ ठेवा. जागा महिनोन्‌महिने आधी भरते. पोहोचता येत नसेल तर फोन करून कळवणं अत्यावश्यक आहे. तुम्ही आला नाहीत तर वाटेत काही झालं असं समजून शोध सुरू होऊ शकतो.

१६. मुक्काम अर्धवट सोडावा लागला, किंवा कोणी आजारी पडलं तर?

लवकर निघालात तरी उरलेल्या रात्रींचे पैसे हॉटेल मागू शकतं. विम्यात हा खर्च धरला आहे का ते निघण्यापूर्वी वाचा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२, डोंगरात अडकलात तरी तोच. किरकोळ दुखण्याला हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या ‘फार्माचिया’त जा. नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी घटक-औषधाच्या नावासह न्या, आपल्या ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. आणि पहाटेची बस असेल तर आदल्या रात्री रिसेप्शनवर सांगा. नाश्ता चुकतो म्हणून ते कागदी पिशवीत पाव, चीज, सफरचंद बांधून देतात. शाकाहारी असल्याची आठवण तेव्हाही करून द्या, नाहीतर पावात स्पेक निघतो.